याडीची अर्धी गोष्ट

"गोष्ट ऐकूनही गावानं त्या लमाणांना पाणी का नाही दिलं, बाबा?"

रंगनाथ कथेकरी फकिराच्या मठीच्या, तकियाच्या ओट्यावर टेकला नाही तोच त्यानं हे विचारलं. कमालशाह फकिरानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. रंगनाथानं त्याला हात लावला नाही.

गोष्ट सांगायला त्याला या फकिरानंच शिकवलं होतं. पण पाठांतरात शिष्य गुरूच्याही वरताण निघाला. एकदा कानावर पडलं की कायमचं पाठ. त्याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची तसदी त्यानं कधी घेतली नाही.

त्या उन्हाळ्यात लमाणांचा एक तांडा मिठाच्या गोणी लादलेले बैल घेऊन तकियासमोरच्या माळावर उतरला होता. गाव त्यांना विहिरीवर येऊ देईना. रंगनाथाला वाईट वाटलं, अगदी मनापासून. या लोकांची गोष्ट आपल्या लोकांना कळली की झालं, असं त्याला वाटलं. तो तांड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे गेला. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. तिच्याकडून त्यानं गोष्ट ऐकली आणि काल सकाळी देवळात सांगितली.

"मग? लोक काय म्हणाले?"

"वाहवा केली. नारळ दिला."

"आणि?"

"आणि दुपारी तांड्याला हुसकावून लावलं."

फकीर म्हणाला, "मला सांग. तिथं सांगितलीस तशीच."

रंगनाथ सावरून बसला. आवाज लावला.

"एक होती लमाणीण. तिची पोरगी तापानं फणफणली. लमाणीण घागर घेऊन गावच्या विहिरीवर गेली…"

फकीर गप्प.

"गावकरी म्हणाले, आधी आमचं भरू दे, मग बघू…"

फकीर गप्पच. रंगनाथ अडखळला.

"बाबा, हुंकार द्या ना. ऐकणारा 'हं' म्हणाला नाही, तर सांगणाऱ्यानं पुढं कसं जायचं? तुम्हीच शिकवलंत."

"याडीला कुणी दिला?"

"मी… मी पाठ करत होतो. मध्ये 'हं' म्हटलं असतं तर एखादा शब्द निसटला असता."

"बरं. पुढं?"

"पुढं देवी प्रसन्न झाली. खडक फुटला, पाणी आलं. पोरगी उठून बसली."

"हे याडीनं सांगितलं?"

रंगनाथाचा चेहरा उतरला.

"नाही. ती विहिरीपाशीच गप्प झाली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चूल विझली तरी बघत होती… मला वाटलं, म्हातारी विसरली. मग शेवट मी जोडला. देवळातली गोष्ट, बाबा. शेवट गोड केल्याशिवाय कसं चालेल?"

"लोक काय म्हणाले, ते आता नीट सांग."



"म्हणाले… त्यांची देवी देते की त्यांना पाणी. आपण कशाला द्यायचं?"

समोरच्या माळावर चुलींचे काळे दगड तेवढे उरले होते.

"याडी होती तिथं?"

"खाली पायरीशी उभी होती. रडत होती, बाबा. मला वाटलं… मला वाटलं, माझ्या सांगण्याला दाद देतेय."

हे बोलला आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं तोंड फिरवलं. कुठल्या वाटेनं गेला असेल तांडा? आणि पाण्यावाचून किती लांब जाणार? तो स्वतः मागोमाग गेला तरी आता याडीला काय सांगायचं, तेही त्याला कळेना.

फकीर उठला, आणि त्याच्या शेजारी ओट्यावर येऊन बसला.

थोड्या वेळानं रंगनाथानं पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्याचा आवाज देवळातला नव्हता.

"एक होती लमाणीण…"

तोच पुढं म्हणाला, "…तिची पोरगी तापानं फणफणली. ती घागर घेऊन गावच्या विहिरीवर गेली. गावकरी म्हणाले, आधी आमचं भरू दे, मग बघू…"

तो थांबला. पुढचं सगळं पाठ होतं, पण त्यातलं एक अक्षर त्याच्यानं उच्चारवेना. त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"बाबा… ती पोरगी याडीचीच होती."

फकिरानं त्याच्याकडे पाहिलं.

"हं…"