गवंड्याचं लंगडणं

फार फार वर्षांमागं डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. गावात एक दगडी चर्च होतं आणि त्याच्या भिंती बांधणारा गवंडी शेजारच्याच आळीत राहत होता. त्याच्या बायकोचं नाव एस्तेर.

एकदा हा गवंडी परांचीवरून पडला आणि नऊ महिने खाटेला खिळला. वैद्यानं हात टेकले. एस्तेरनं गुडघे टेकले, आणि रोज टेकत राहिली. एका सकाळी गवंडी उठून उभा राहिला, चार पावलं चालला. महिन्याभरात तर तो घरातल्या घरात धान्याची पोती उचलू लागला.

एस्तेरचा आनंद पोटात मावेना. पण बाई धास्तावलीसुद्धा. प्रभूवर विश्वास ठेवल्यापासून मीठमोहऱ्या ओवाळणं तिनं सोडून दिलं होतं. दृष्टीची भीती तेवढी सुटली नव्हती. तिनं नवऱ्याला बजावलं, "चारचौघांत लंगडतच चालायचं हं! लोकांच्या नजरेचा काय भरवसा?"

"अगं, देवानं बरं केलं, ते लपवायचं होय?"

"आभार मानू की घरात. दार लावून."

गवंडी बिचारा साधा. तो लंगडू लागला. पण सवय नसली की सोंग वठत नाही. बाजारात जाताना त्याचा उजवा पाय लंगडायचा, येताना डावा. एका म्हातारीनं विचारलंसुद्धा, "काय रे, तुझं दुखणं ह्या पायातून त्या पायात फिरतं की काय?"

सुगी झाली की गावात उपकारस्तुतीचा रविवार असे. कुणी भोपळा आणी, कुणी कणसं, आणि प्रत्येक जण उभं राहून देवानं वर्षभरात काय केलं ते सांगे. एस्तेरची पाळी आली. "देवानं यंदा बाजरी बरी दिली," एवढं म्हणून ती मटकन खाली बसली. गवंडी छताकडे बघत राहिला.

असेच काही महिने गेले. मग शेजारी राहणारा मध काढणारा कड्यावरून घसरला आणि अंथरुणाला लागला. हाड सांधलं, तरी तो पाय जमिनीला लावीना. एके दिवशी त्याची बायको सगुणा विरजण मागायला आली आणि उंबऱ्यावरच रडू लागली.

"एस्तेरबाई, ह्यांनी जेवण सोडलंय. भिंतीकडं तोंड करून पडतात. रोज खिडकीतून तुमच्या मालकांना लंगडताना बघतात नि म्हणतात, 'त्या घरात एवढी प्रार्थना असून त्याची ही गत, मग मी कशाला धडपडू?'"

एस्तेरच्या हातातली वाटी तशीच राहिली. आपण झाकून ठेवलेल्या कृपेपायी शेजारचा माणूस मरणाची वाट बघतोय, हे तिला कळलं आणि ती मनातून फार शरमली.

"अहो, चला!" ती आत ओरडली. "आणि सरळ चाला!"

गवंडी ताठ पावलांनी शेजाऱ्याच्या घरात शिरला, मागोमाग एस्तेर आणि सगुणा. खाटेपुढं त्यानं दोन फेऱ्या मारल्या, वर एक उडीही मारली. मध काढणाऱ्याचे डोळे विस्फारले.

"तू बरा आहेस?"

"वर्ष झालं. देवानं उठवलं मला."

"वर्ष? आणि मला इथं कुजत ठेवलंस? थांब, बघतोच तुला!" असं म्हणून गवंड्याची गचांडी धरायला तो रागारागानं खाटेवरून उतरला. दोन पावलं टाकली आणि तिथंच थबकला. त्यानं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. सगुणानं पदर तोंडाला लावला. मग चौघंही हसता हसता रडली.

त्या सुगीला एस्तेर उपकारस्तुतीला उभी राहिली. नऊ महिन्यांची खाट, ती सकाळ, आपली भीती, नवऱ्याचं खोटं लंगडणं, सगळं तिनं सांगून टाकलं. तिचा आवाज एवढा चढला, की चर्चबाहेर बसलेले गुराखी आत डोकावले. नजर कुणाची लागली नाही. उलट आजवर गप्प बसलेली माणसं एकामागून एक उठली आणि उपासना संपेपर्यंत घरोघरच्या चुलीवर भात करपून गेला. करपलेला भात त्या दिवशी गावानं आनंदानं खाल्ला.

बोध: देवानं आपल्यासाठी केलेलं उघडपणे सांगावं, ते ऐकून खचलेला माणूसही उभा राहतो.