मोटार मागे, मामा पुढे

खंडेरावांची जहागीर केव्हाच गेली होती. उरली होती एक जुनी मोटार आणि भरपूर ताठा. त्या मोटारीतून ते भाची वेणूला लग्नमंडपात न्यायला निघाले; वऱ्हाडाच्या गाड्या बऱ्याच मागे होत्या. वाटेत चढावर थांबून, इंजिन बंद पण दिवे लखलखते ठेवून त्यांनी फोटो काढून घेतले. मग मोटार चालूच होईना.

ड्रायव्हर इमामभाईंनी किल्ली फिरवली. नुसतं ‘टिक्’ झालं. “सरकार, दिव्यांनी बॅटरी खाल्ली. उतारावरून मागे सोडू, रिव्हर्समध्ये चालू होईल.”

“मागे?” खंडेरावांच्या मिशा थरथरल्या. “आमच्या घराण्यात कुणी मागे हटलेलं नाही. आम्ही उतरणार नाही आणि मागेही जाणार नाही.”

मुहूर्त जवळ आला होता, आणि नवरा मुलगा वेणूला मनापासून आवडला होता. मुंडावळ्या सावरत ती म्हणाली, “बरोबर आहे, मामा. तुम्ही मागच्या काचेकडे तोंड करून बसा. मोटार जाईल मागे, तुम्ही पुढेच जाल.”

खंडेरावांना ते पटलं. फेटा सांभाळत ते सीटवर गुडघे टेकून उलटे बसले. मोटार घरंगळली, खोकली आणि धडधडत चालू झाली. इमामभाईंनी लगेच ती चढावर घेतली.

“थांबा, आता आम्ही मागे चाललोय,” खंडेराव ओरडले.

“छे हो मामा. मागून सगळं वऱ्हाड येतंय. सेनापतीनं फौजेवर नजर नको ठेवायला?”

मंडपाच्या दारात मोटार वेळेवर पोचली. तिच्यातून आधी जहागीरदारांची पाठ उतरली, आणि मग हसू दाबत नवरी.