दोर कोणाच्या हाती?

एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक वाडी होती. तिथली माणसं कड्यावरच्या आग्या माश्यांचा मध काढत आणि त्याच्या बदल्यात पावसाळ्यापुरतं धान्य आणत. कमरेला दोर बांधून एक माणूस कड्यावरून खाली उतरे. वर झाडाच्या बुंध्याला दोराचा एक वेढा दिलेला असे, आणि दोराचं टोक धरून दुसरा माणूस बसे. खालच्याचा जीव वरच्याच्या मुठीत. म्हणून वाडीचा एक जुना नेम होता: दोर धरायचा तो बायकोच्या भावानेच. आपली बहीण विधवा व्हावी असं कुठल्या भावाला वाटेल?

नेम शहाण्या माणसांनी केला होता. त्यांच्यानंतर मात्र कोणी त्याच्यावर डोकं चालवलं नव्हतं.

या वाडीत कमळू नावाच्या मधवाल्याची मुलगी राहायची. तिचं नाव येसू. वय सतरा, जीभ तिखट, आणि तळहातांना घट्टे. तिच्या आईचा भाऊ लहानूमामा कमळूचा दोर धरायचा, आणि येसू बाराव्या वर्षापासून त्याच्या शेजारी बसायची. दोर कधी सैल सोडायचा, कधी ताणायचा, खालून एक झटका आला तर काय आणि दोन आले तर काय, हे सारं तिला येत होतं. दोर धरण्याचा हक्क तेवढा नव्हता.

त्या वर्षी मध काढायच्या आठ दिवस आधी लहानूमामाचा पाय मोडला.

"बा, दोर मी धरते," येसू म्हणाली.

"तू काय माझा मेहुणा आहेस?" कमळू हसला.

"मामाला बहिणीचं कुंकू राखायचं असतं, म्हणून तो दोर सोडत नाही. मग मला काय बाप नको झालाय?"

उत्तर नसलं की मोठी माणसं आवाज चढवतात. कमळूनेही चढवला. "नेम तो नेम! वाडीतली म्हातारी माणसं काय म्हणतील?"

"त्यांना म्हणायला काय जातंय? दोराला तू लटकणार आहेस."

पण नेमच जिंकला. येसूच्या आईचा एक चुलतभाऊ बाजारगावी राहत होता, दगडू त्याचं नाव. त्याला निरोप गेला. या दगडूने उभ्या जन्मात विहिरीच्या पोहऱ्यापलीकडे काही ओढलं नव्हतं. पण नात्याने तो भाऊ होता, आणि नेमाला तेवढं पुरत होतं.

दोर धरणाऱ्याला फेटा बांधून टिळा लावायची वाडीची रीत होती. ठरल्या दिवशी सकाळी दगडू फेटा बांधून कड्याच्या माथ्यावर आला. एवढ्या मानाने त्याचं भागलं नाही. त्याने मानेला आणि मिशांना भरपूर अत्तर चोपडलं होतं.

"मामा, ते अत्तर धुऊन या," येसू म्हणाली. "माश्यांना वास खपत नाही."

"ऐकलंत का, दाजी?" दगडू कमळूला म्हणाला. "काल जन्मली, आणि आज मामाला आंघोळ घालायला निघाली!"

बघायला आलेले चार म्हातारे खो खो हसले. कमळूला पोरीचं म्हणणं पटलं होतं. पण चारचौघांत पाहुण्याला कसं बोलायचं? तो लेकीवरच खेकसला, "येसे, मोठ्यांना शिकवू नकोस."

रागाने घरी निघून जावं असं येसूला वाटलं. पण बाप कड्यावरून उतरत होता. ती डोक्यावरून घोंगडी घेऊन बुंध्यामागे बसली.

कमळू खाली उतरला. त्याने पेटत्या चुडीचा धूर पोळ्याला दाखवला. माश्या उठल्या आणि धुरापासून लांब, वर गेल्या. एरवी त्या घिरट्या घालून पांगत. आज वर त्यांना दगडू सापडला.

पहिली माशी त्याच्या मिशीवर बसली. पुढच्या विसांची वाट त्याने पाहिली नाही. "मेलो रे, मेलो!" म्हणत त्याने दोर सोडला आणि पळत सुटला. चार म्हातारे त्याच्याही पुढे पळत होते.

दोर बुंध्याभोवती सरसर फिरू लागला. येसूने झेप घेऊन तो पकडला. तळहात सोलवटले. तिने पाय बुंध्याला रोवले, सारं अंग मागे टाकलं, आणि दोर थांबला. मग तिने दोराचा आणखी एक वेढा बुंध्याला घातला. माश्या घोंगडीत शिरून तिच्या मानेला, हाताला डसत होत्या. तिने मूठ उघडली नाही.

"दगडू!" खालून कमळू ओरडला. "ओढ मला वर!"

"दगडूमामा गेला, बा! मी आहे!"

कमळू म्हणाला, "मग तू ओढ, पोरी! लवकर!"

येसूने जोर लावला. दोर हलला नाही. तिने पुन्हा जोर लावला, आणि तट्‌कन आवाज झाला. दोराचा एक पीळ तुटला होता. तिच्या अंगात ओढायची घाई भरलेली होती. आतापर्यंत प्रत्येक गोष्टीत तिने हेच केलं होतं: अडलं की आणखी जोर. पण आज जोर लावला तर बाप जाणार होता. तिने दात आवळून हात थांबवले, टोक बुंध्याला बांधलं, आणि पोटावर सरपटत काठावर जरा बाजूला जाऊन खाली डोकावली.

दोर एका कपारीत अडकला होता. कमळूला ती कपार दिसत नव्हती, कारण मध्ये कातळ पुढे आलेला होता. त्याच्या पायाखाली मात्र हातभर रुंदीचा एक टप्पा होता.

"बा, वर येऊ नकोस! आधी खाली उतर. पायाखाली टप्पा आहे, त्यावर उभा राहा. मी दोर सैल सोडते."

"सैल? वेडी आहेस का? मरेन मी!"

"दोर कपारीत अडकलाय. सैल केल्याशिवाय सुटणार नाही. ओढला तर तुटेल."

"तीस वर्षं उतरतोय मी इथे! मला सांगतेस?"

"तीस वर्षं खालून बघतोयस, बा. वरून काय दिसतंय ते मी सांगते. तू मला पायाखालचं सांग. टप्पा पक्का आहे का?"

कमळूने आयुष्यात लेकीला पुष्कळ हुकूम दिले होते. तिचा एकही घेतला नव्हता. त्याने खाली पाहिलं. मग कातळावर गाल टेकून त्याने एक पाय सोडला, चाचपडला, आणि टप्प्यावर ठेवला.

"पक्का आहे," तो म्हणाला. "उभा राहिलोय. सोड, येसू."

येसूने मागे येऊन बुंध्याची गाठ सोडली आणि दोर सैल केला. त्या वेळी कमळूला लेकीच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नव्हता. तिने दोराला एक लाट दिली, मग दुसरी. तिसऱ्या लाटेला दोर कपारीतून निसटला.

मग दोघांनी घाई केली नाही. कमळू खाचेत पाय रोवून एक पाऊल वर चढे आणि "हं" म्हणे. येसू तेवढाच दोर आत घेऊन ताणून धरे. असं करत करत तो काठावर आला आणि गवतावर पालथा पडला. थोड्या वेळाने उठून तो लेकीच्या मानेतले माश्यांचे काटे नखाने काढत बसला.

आठ दिवसांनी कमळू उरलेली पोळी काढायला पुन्हा कड्यावर आला. सोबत नवा दोर होता. म्हातारेही आले. सुजलेल्या तोंडाचा दगडूही आला.

"झालं गेलं विसरा," सगळ्यांत थोरला म्हातारा म्हणाला. "नात्याने दोराचा मान दगडूचाच आहे."

"खरं आहे, आजा," कमळू म्हणाला. "मान त्यालाच द्या. चांगला मोठा फेटा बांधा."

मग त्याने दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक लेकीच्या हातात दिलं.

तात्पर्य: आपला जीव कोणाच्या हाती द्यायचा, हे नातं आणि वय पाहून ठरवू नये, त्याचे हात पाहून ठरवावं. ज्या घरात मोठे धाकट्यांचं ऐकायला शिकतात आणि धाकटे जोराआधी धीर धरायला शिकतात, त्या घराला कड्याचं भय राहत नाही.