पानवेलीचं काचघर

फार फार वर्षांपूर्वी, एका उंच डोंगरावरच्या गावात एक म्हातारा-म्हातारी राहत होती. त्यांची एकुलती एक लेक दूर सासरी गेली होती. निघताना ती अंगणातल्या पानवेलीला कुरवाळून म्हणाली होती, "बाबा, मी माहेरी येईन तेव्हा हिचंच पान खाईन हं."

आता पानवेल ती! भारी नाजूक. आणि त्या गावची थंडी तर हाडं गोठवणारी. म्हाताऱ्याने जुन्या काचा गोळा करून वेलीभोवती इवलंसं काचघर उभं केलं आणि आत शेगडी ठेवली.

पण त्या गावात एक रीत होती. लेक पहिल्यांदा माहेरी येईपर्यंत तिच्यासाठी एक दार उघडं ठेवायचं. लेक आधी वेलीकडेच धावेल, म्हणून म्हाताऱ्याने काचघराचंच दार उघडं ठेवलं.

शेगडी धगधगायची आणि ऊब दारातून निघून जायची. म्हातारा आणखी लाकडं घालायचा. मग शेगडीजवळची पानं करपायची, दाराकडची गारठून काळी पडायची.

"अहो, दार तरी लावा," म्हातारी म्हणायची.

"लेकीचं दार लावू? तुला तरी बघवेल का?" म्हातारा म्हणायचा.

एका संध्याकाळी वेलीवर एकच हिरवा कोंब उरला. म्हातारा तिथेच बसून हमसून हमसून रडू लागला. कोपऱ्यात एक कोंबडी अंडी उबवत बसली होती.

"आजोबा, जरा हळू रडा," ती म्हणाली, "माझी पिलं अंड्यातच दचकतील. मी कुठे शेगडी पेटवते? माझी ऊब ती केवढीशी! पण मी ती वाया जाऊ देत नाही."

"अगं, पण दार बंद दिसलं तर लेकीला काय वाटेल?"

"आणि उघड्या दारात वाळकी काडी दिसली तर?"

म्हाताऱ्याने डोळे पुसले. शेगडी बाहेर काढली, दार लावलं, फटींत पेंढा आणि माती भरली. दिवसभर उन्हात तापलेले पाण्याचे हंडे तो संध्याकाळी आत नेऊन ठेवू लागला. म्हातारीने लेकीच्या जुन्या परकरांची गोधडी काढली. ती संध्याकाळी काचांवर पांघरायची, सकाळी ऊन आलं की उचलायची. कोंब जगला. त्याला पानं फुटली.

थंडी सरता सरता लेक आली. बंद दार पाहून तिचं पाऊल अडखळलं.

"बाबा, दार लावलंत?"

"तुझ्यासाठीच लावलं, पोरी. ढकल बघू."

तिने दार ढकललं. उबदार वारा तिच्या गालाला लागला. समोर वेल छपरापर्यंत चढली होती आणि कोपऱ्यात तिच्याच परकरांची गोधडी घडी करून ठेवलेली होती. पान खुडायला उचललेला हात तिने तसाच बापाच्या गळ्यात टाकला.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ऊब असो की माया, ती नुसती पेटवून पुरत नाही, झाकून जपावीही लागते.