निक्तेच्या तेरा लेकी

समुद्राच्या काठी, घनदाट रान जिथे संपते तिथे एक टेकडी आहे. तिच्यावर माया लोकांचे जुने दगडी देऊळ आहे. छप्पर केव्हाच गेले. पायऱ्यांवर घोरपडीएवढे सरडे ऊन खात पडलेले असतात. खाली निळे-हिरवे पाणी आणि थोडे आत, प्रवाळाच्या खडकांवर फुटणाऱ्या फेसाची लांब पांढरी रेघ. मेक्सिकोला फिरायला आलेली माणसे रानात माकडे, मोठ्या चोचीचे टूकन पक्षी पाहत, हसत-ओरडत इथवर येतात. टेकडी चढू लागली की वाटाड्या सेलेस्तिनो कानूल ओठांवर बोट ठेवतो. इथे मोठ्याने बोलायचे नाही, अशी रीत आहे.

देवळाच्या मागच्या भिंतीत तेरा भोके आहेत. त्यांतून बारीक मधमाशा ये-जा करतात.

एकदा तिथे महाबळेश्वरकडचे धोंडू केळगणे आले होते. जन्मभर मधाच्या पेट्या सांभाळलेला माणूस. लेक सुगंधा मेक्सिकोत नोकरीला. तिने सुट्टीत वडिलांना फिरायला नेले होते. धोंडूअण्णांनी सरळ भोकापाशी बोट नेले.

"अण्णा, चावतील!"

"काटाच नाही गं यांना. आपल्याकडच्या त्या बारीक पोया माशांसारख्या आहेत गरीब. पण दगडात कशा आल्या या? कुणीतरी आणून बसवल्यात."

सुगंधाने ते सेलेस्तिनोला त्याच्या भाषेत सांगितले. म्हातारा वाटाड्या हसला, पायरीवर बसला आणि दबक्या आवाजात सांगू लागला. सुगंधा एकेक वाक्य मराठीत करत गेली.

फार पूर्वी, हे देऊळ बांधून होत आले होते तेव्हा, खालच्या गावात निक्ते नावाची बाई राहत असे. तिला मूलबाळ नव्हते. माशा मात्र होत्या. इथले लोक पोकळ ओंडक्यात माशा पाळतात, दोन्ही तोंडांना लाकडाची चकती बसवून फट मातीने लिंपतात. असे तेरा ओंडके तिच्या घरामागे, ताडाच्या पानांच्या छपराखाली रचलेले होते. सकाळी ती प्रत्येक ओंडक्यावर टिचकी मारी आणि घरची हकीकत सांगे. आज पेज करपली. आज गुडघा दुखतोय. शेजारची म्हातारी चिमाय तिला हिणवी, "तेरा लेकी गं तुला! एकीचंही लग्न जमेना!"

तिचा नवरा मिठाची होडी वल्हवी. त्याचे खरे नाव कुणालाच आठवत नसे. रानातले काळे माकड गरजते तसा त्याचा आवाज, म्हणून सगळे त्याला त्या माकडाच्याच नावाने, बात्झ, म्हणत. तो घरात हळू बोलायला गेला तरी कोंबड्या उडत.

एका वर्षी तीन आठवडे पावसाची झड लागली. बात्झ आणि आणखी सहा जण एके दिवशी मीठ घेऊन परतायचे होते. त्या दिवशी संध्याकाळी समुद्र धूसर झाला, देऊळसुद्धा खालून दिसेना. त्या फेसाच्या रेघेत आत शिरायला एकच वाट आहे. देऊळ नाकासमोर धरले तरच ती सापडते, नाहीतर खडक होडी फाडतो.

तेवढ्यात दूरवर गर्जना ऐकू आली. गावातले म्हणाले, माकडे ओरडतायत, अजून पाऊस आहे.

निक्ते अंगणात उभी राहिली. "माकडं नाहीत ती. ते आलेत."

"अगं, रोज याच वेळेला ओरडतात ती," चिमाय म्हणाली.

"माकडं रानातून ओरडतात, आत्या. हा आवाज खडकापलीकडून येतोय."

होडीला देऊळ दिसायचे तर देवळापुढे मोठा जाळ हवा होता. पण रान भिजून चिंब. घरोघरी कोरडे लाकूड होते ते चुलीपुरते. गावात मोठे कोरडे लाकूड एकच होते, वर्षानुवर्षे मेण मुरलेले: निक्तेचे ओंडके. तिने ते एकदाच डोळे भरून पाहिले. मग पहिला ओंडका खांद्यावर घेऊन ती टेकडी चढली.

देवळाच्या मागच्या भिंतीत बांधकामाच्या परांचीचे वासे खोचायची भोके गवंड्यांनी अजून बुजवलेली नव्हती. निक्तेने ओंडक्याची माती फोडली, आतली पोळी राणीसकट ओंजळीत घेतली आणि भोकात ठेवली. "बायांनो, घर मोडतेय तुमचं. रागावू नका." वरून ओल्या मातीने लिंपले, जायला-यायला बोटभर वाट ठेवली. पहिल्या खेपेला बऱ्याच माशा चिरडल्या. तिथे ती रडली, पण थांबली नाही.

दुसरा ओंडका घ्यायला ती खाली आली, तर चिमाय मडक्यात निखारे घेऊन उभी. "चल," म्हातारी म्हणाली, "लेकींना सासरी पोचवू." मग गावही उठले. लोक ओंडके वर नेऊन देत, माशा मात्र निक्तेच हलवी. रिकामा झालेला ओंडका पुढच्या बाजूला जाळात जाई.

बारा झाले. तेरावा तिच्या आईने दिलेला. जाळ बसत चालला होता आणि समुद्रावरची हाक बारीक झाली होती. लिंपायला वेळ नव्हता. निक्तेने पोळी काढून पदराखाली छातीशी धरली आणि ओंडका जाळात लोटला. मेणाने पेट घेतला. देऊळ समुद्रापर्यंत लाल दिसले म्हणतात.

होडी त्या वाटेने आत आली. सातही जण.

बात्झ धावत टेकडी चढला. निक्ते जाळापासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. केसांत माशा, गळ्यावर माशा. तो मिठी मारायला वाकला.

"जवळ येऊ नका," ती म्हणाली. "पोरी आत्ताच निजल्यात."

आणि ज्याच्या आवाजाने कोंबड्या उडत, तो माणूस तिच्यापुढे मातीत बसला आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजला, "बरं."

उजाडेपर्यंत तो तसाच बसून होता म्हणे. उजाडल्यावर तिने तेरावी लेक छातीएवढ्या उंचीच्या भोकात ठेवली. मेलेल्या माशा पानात गुंडाळून दोघांनी पुरल्या. "या भिंतीतला मध मी घेणार नाही," असे ती बोलली आणि मरेपर्यंत तिने पेज बिनगोडाचीच प्यायली. गवंड्यांनीही ती भोके बुजवली नाहीत.

सेलेस्तिनो उठला. छातीएवढ्या उंचीचे एक भोक दाखवून म्हणाला, इथे घरची एक गोष्ट सांगून जायची असते.

धोंडूअण्णांनी टोपी काढली. भोकाशी तोंड नेऊन ते बराच वेळ काही सांगत राहिले. सुगंधाला एवढेच ऐकू आले, "...सुगंधाच्या आईच्या हातच्या पेट्या अजून आहेत, पण तिला जाऊन वर्ष झालं, ते मी त्यांतल्या माशांना सांगितलंच नाही गं."

सेलेस्तिनोने विचारले, काय म्हणाले?

"घरचंच," सुगंधा म्हणाली.

आजही त्या भिंतीतला मध कोणी काढत नाही. आजही संध्याकाळी रानात काळी माकडे गरजू लागली की गावातल्या बाया हातातले काम थांबवतात आणि आवाज रानातून येतोय की समुद्रावरून, ते आधी नीट ऐकून घेतात.