डोहातल्या माहेरवाशिणी

फार पूर्वी शंखपूर नगरात जितसेन नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कोळीवाड्यात पुन्नक या नावाने जन्मला होता. बोधिसत्त्व आणि कोळी, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल; पण जन्म कुणाला निवडून मिळत नाही.

त्या नगरातल्या भद्रक श्रेष्ठीचा एकुलता मुलगा तापाने गेला. तेव्हापासून त्याला झोप येईना. 'रोज नदीकाठी बसत जा, मन रमेल,' असे वैद्याने सांगितले, म्हणून तो गळ घेऊन येऊ लागला. मासा मात्र एकही मिळेना. पुन्नकाला त्याची दया आली आणि तो त्याला शिकवू लागला. बिघडले ते इथूनच.

"श्रेष्ठी, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहू नका. तुमच्या आधी तुमची सावली माशाला भेटते. ऊन तोंडावर घ्या."

"डोळे दिपतात."

"दिपू देत. आणि पाय आपटत येऊ नका. काठाची धडधड त्याला कळते. तो काही तुमचा मुनीम नाही, पावले ऐकून उठून उभा राहायला."

मुलगा गेल्यानंतर भद्रक त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

धावते पाणी संथ पाण्याला मिळते त्या कडेला गळ टाकावा, पहिल्या टोचणीला हिसका देऊ नये, दोरी ताणली जाईपर्यंत दम धरावा, हे तो शिकला. मासा सोडायचा तर आधी हात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो आणि तो पुढे जाऊन मरतो. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असलेली मादी तर सोडायचीच. वर्षभरात भद्रक चांगला तरबेज झाला.

आषाढात नदीला नवे पाणी आले की गाभोळीने जड झालेल्या माद्या वरच्या डोहात अंडी घालायला येत. कोळी त्यांना माहेरवाशिणी म्हणत. तेवढा पंधरवडा जाळी वळचणीला टांगलेली असत आणि कोळीवाड्यात सगळ्यात अलीकडे बाळंत झालेली बाई रोज डोहाकाठी बसून त्यांना दहीभात घाली. तिची सावली पडली की मासे गोळा होत, तिची बोटे चाटत. त्याने तिचे बाळ तगते, असे सगळे मानत. त्या वर्षी तो मान पुन्नकाची सून उत्पला हिचा होता.

एका दुपारी भद्रक टोपली घेऊन आला. आत एकवीस मासे होते, सगळ्यांची पोटे फुगलेली. त्याच्या बोटांना दहीभात लागला होता.

"हे मी शिकवले नव्हते," पुन्नक म्हणाला.

"नाही, हे माझे मी शोधले. तू सावली लपवायला शिकवलीस. इथे तर सावली दिसली की ते धावत येतात. उद्या महाराजांना घेऊन येतोय. तुझे नाव सांगेन त्यांना. राजसरोवराची राखण तुझ्या घराला मिळेल, पिढ्यान् पिढ्या."

"सोडायचे होते हो त्यांना."

"मला कुणी काही परत दिले?" असे म्हणून भद्रक टोपली उचलून गेला.

राजा आणि त्याचा लवाजमा आला तर डोहात एकही मासा उरणार नव्हता. पुन्नकाने सुनेला हाक मारली.

"सूनबाई, बाळाला सासूकडे दे आणि डोहावर चल. ते वर आले की दगड मार."

"मी?"

"मी मारले तर ते मला भितील. दहीभात घालायला वाकलेली सावली त्यांना तुझीच वाटते, म्हणून ते तुला भ्यायला हवेत."

"मामंजी, असे आजवर कुणी केले नाही. माझ्या बाळाला काही झाले तर?"

"होणार नाही, असे मला सांगता येत नाही, पोरी."

अशा वेळी आईला खोटे ऐकायचे असते. त्याने ते सांगितले नाही.

उत्पला काठावर बसली. मासे तोंडे उघडून वर आले. तिने दगड मारला. ते पांगले आणि पुन्हा आले. तिच्या हातून चुकून झाले असावे, अशा भरवशाने आले. तिने पुन्हा मारला. असे सहा वेळा झाले. सातव्या वेळी कुणी आले नाही.

दुसऱ्या दिवशी राजा दुपारपर्यंत ताटकळला. "श्रेष्ठी, बेडूक दाखवायला आणलेत का आम्हाला?" म्हणाला आणि निघून गेला.

"माझी विद्या हिरावून घेतलीस," भद्रक पुन्नकाला म्हणाला.

"दिलेली विद्या परत घेता येत नाही, श्रेष्ठी. येत असती तर त्या मुक्या जिवांना दगड कशाला मारले असते?"

भद्रक पुन्हा नदीवर आला नाही. त्याला झोप लागू लागली की नाही, कोण जाणे. डोहात अंडी घातली गेली, पिल्ले झाली. उत्पलाचे बाळही तगले. पण ते मोठे होईपर्यंत रोज सकाळी ती त्याच्या कपाळाला हात लावून पाहत असे. त्या डोहातले मासे नंतर कुणाही बाळंतिणीच्या हाताशी आले नाहीत.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "भिक्खूंनो, तो भद्रक म्हणजे हा मान खाली घालून बसलेला भिक्खू तिस्स; मी दिलेला उपदेश तो आज भोळ्या उपासकांना भुलवायला वापरतो. ते उपासक म्हणजे डोहातले मासे. दाराशी पोर घेऊन उभी असलेली नंदा ही उत्पला. पुन्नक मीच होतो. या कथेतला गुण प्रज्ञा. करुणा माझ्याकडे आधीपासून होती. प्रज्ञा आली ती टोपलीभर मासे मेल्यावर."