सहाव्या सामन्याआधी

“तीन वर्षं म्हणजे तुमच्या तालमीत किती सामने, वस्ताद?”

येसबा वस्तादांनी मान वर केली नाही. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत खोरं मारलं, ढेकूळ उलटलं आणि पुढं सरकले.

“पाच?” कठड्याबाहेरून शलाकानं विचारलं. “पाचच ना?”

“मोजणारा कोण, त्यावर आहे.”

शलाका भोईटे ही कोल्हापुरातल्या पाणंद गल्ली तालमीच्या फुटबॉल संघाची प्रशिक्षक. तालमीच्या इतिहासातली पहिली बाई. गल्लीतलीच पोरं घ्यायची, तीन वर्षांत संघ उभा करायचा, असं ठरवून अध्यक्ष आबासाहेब इंगवल्यांनी तिला मारुतीसमोर नारळ देऊन नेमलं होतं. त्या नारळाचं खोबरं संपायच्या आत चार सामने हरले, एक कसाबसा बरोबरीत सुटला.

आज संध्याकाळी सहा वाजता तालमीच्या माडीवर कमिटी बसणार होती. विषय एकच. मॅडमना निरोप द्यायचा आणि परगावचे तयार खेळाडू आणायचे.

“सगळे जुने पैलवान,” ती म्हणाली. “पाठ टेकली की कुस्ती संपली, एवढंच ठाऊक त्यांना. फुटबॉलही तसाच बघतात.”

“मीही जुनाच.”

“म्हणून तर आले. तुमच्यापुढं कोण बोलत नाही. एक शब्द टाका.”

“समज, टाकला.” वस्तादांनी खोरं मातीत उभं केलं. “सहावा सामना हरलीस तर?”

वस्तादांनी आता मान वर केली.

“तेव्हा दुसरा शब्द न्यायला येशील?”

शलाकाचे कान तापले. म्हातारी माणसं अशीच. मदत मागावी तर कोडं घालतात, आणि वर आपल्यालाच मान खाली घालायला लावतात.

“नको मला तुमचा शब्द,” ती म्हणाली. “माझं मी बघते.” आणि वळली.

“चप्पल काढ.”

ती थांबली. “काय?”

“चप्पल काढ. खाली उतर.”

“हौद्यात बाई उतरत नाही.”

“कोण म्हणालं?”

“तुम्ही. पहिल्याच दिवशी. चारचौघांत.”

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. “म्हणालो असेन. चुकलो. उतर.”

ती उतरली.

माती नवी होती. आठच दिवसांपूर्वी भरलेली. ताक, हळद, लिंबू घातलेलं, पण अजून काहीच मुरलं नव्हतं. पायाला खडे टोचत होते. तिनं खोरं उचललं आणि ज्या रागानं कमिटीला उत्तर द्यायचं होतं, त्या रागानं माती उलटायला लागली. वस्तादांनी कोपऱ्यातलं दुसरं खोरं काढलं आणि तिच्या शेजारी लागले.

सहाला दहा कमी असताना आबासाहेब आले. पांढरा शर्ट, पायांत करकरीत कोल्हापुरी. दारातच थबकले.

“वस्ताद... हौद्यात बाई?”

“माती उलटतीय. पोरं कधी उतरवू ह्या मातीत?”

“लगेच कशी?” आबासाहेब सवयीनं म्हणाले. “ताक मुरू दे की. दोन महिने कुणी शड्डू ठोकायचा नाही. कच्च्या मातीत पोरांचं कातडं सोलतंय.”

शलाका हसली. मोठ्यानं, खोऱ्यावर रेलून.

“हसायला काय झालं, मॅडम?”

“मातीला दोन महिने, आबासाहेब. पोरांना पाच सामने.”

आबासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग मातीकडं. खाकरले.

“ते... ते वर बोलू. कमिटी बसेल आता. चला.”

“मी येत नाही.”

“म्हणजे?”

“मला काढायचं तर काढा. पण पोरं माझी आहेत, उद्या सकाळी सहाला मैदानावर येतील, आणि मीही येईन. नारळ देताना तुम्ही तीन वर्षं म्हणाला होतात. ते परत घ्यायचं असेल तर कमिटीला खाली यायला सांगा. इथं. माझ्यासमोर.”

वर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी आबासाहेबांना हाक मारली. ते हलले नाहीत. तीही हलली नाही.

“वस्ताद,” आबासाहेब शेवटी म्हणाले, “तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकेल.”

वस्तादांनी कपाळाचा घाम पुसला. आपल्या हातातलं खोरं कठड्यावरून त्यांच्याकडं धरलं.

“चप्पल काढा, आबासाहेब.”